मांडी म्हणजे सीट नव्हे

प्रसूतिगृहातून बाळाला घरी न्यायचे असते तेव्हा सगळी तयारी चोख असते. दुपटी, लंगोट, टोपडे, गालावर तीट आणि घराच्या दारात ओवाळणीचे ताट. आई बाळाला दुपट्यात गुंडाळून गाडीत बसते, अनेकदा पुढच्याच सीटवर. ‘गाडी सावकाश चालव’ असे आजी दोनदा बजावते. एवढ्या काळजीत एक गोष्ट मात्र राहून जाते. गाडीतल्या सर्वांत नाजूक जिवाला कशानेच बांधलेले नसते.

आपल्याकडे गाडी घेताना मायलेज, रंग, टचस्क्रीन यांवर आठवडाभर चर्चा होते. मुलासाठी वेगळी सीट हा विषय निघालाच तर ‘ती परदेशातली फॅडे’ किंवा ‘आम्ही नाही का मांडीवर बसून मोठे झालो’ अशा वाक्यांनी संपतो. मुलाला आपण घट्ट धरून ठेवू, हा विश्वास त्यामागे असतो. तो विश्वास किती खरा आहे, हे आधी पाहू.

हातांची पकड का पुरत नाही?

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एखाद्या भक्कम अडथळ्यावर आदळली की तिचा पुढचा भाग साधारण अर्धा मीटर चेपतो आणि ती थांबते. हे सगळे सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात घडते. गाडी थांबली तरी आतली माणसे त्याच वेगाने पुढे जात राहतात. त्यांना गाडीबरोबर थांबवायचे तर त्यांच्या वजनाच्या सुमारे २० पट बल लागते. म्हणजे ५ किलोच्या तान्ह्या बाळाला धरून ठेवायला १०० किलोचे ओझे पेलण्याइतकी ताकद हवी, आणि १० किलोच्या मुलासाठी २०० किलो पेलण्याइतकी. तीही पापणी लवायच्या आत. कोणत्याही आईच्या किंवा बापाच्या हातांत ती नसते. इथे माया कमी पडत नाही, स्नायू कमी पडतात.

हाच वेग उंचीच्या भाषेत सांगायचा तर सुमारे १० मीटरवरून, म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्यासारखे होते. ताशी ३० किलोमीटरला ही उंची साडेतीन मीटरच्या आसपास येते. म्हणून ‘गावातल्या गावात तर जायचे आहे’ हेही कारण टिकत नाही.

आईने बेल्ट लावला नसेल तर ती स्वतः पुढे फेकली जाते आणि मांडीवरचे मूल तिच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये सापडते. दोघांना मिळून एकच बेल्ट लावला तर मोठ्या माणसाचे सगळे वजन मुलावर येते. बाळाला अंगाशी बांधायची कापडी झोळी किंवा ‘कॅरिअर’ चालताना सोयीचे असले, तरी अपघातात त्याचा उपयोग नाही.

पुढच्या सीटवर आणखी एक धोका असतो, तो एअरबॅगचा. ती सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळात, प्रचंड जोराने उघडते. तिची रचना बेल्ट लावून बसलेल्या प्रौढ माणसाच्या छातीसाठी केलेली असते. मुलाच्या बाबतीत तोच फटका डोक्यावर आणि मानेवर बसतो. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईतील वाशी येथे पुढच्या सीटवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा अपघातात एअरबॅग उघडल्यानंतर मृत्यू झाल्याची बातमी अनेकांना आठवत असेल. एअरबॅग वाईट असते असा याचा अर्थ नाही. ती मोठ्यांसाठी असते, आणि मुलाची जागा मागच्या सीटवर असते, इतकाच अर्थ घ्यायचा.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे

नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. प्रौढात हे प्रमाण सातव्या-आठव्या भागावर येते. एवढे जड डोके ज्या मानेवर असते, तिच्या मणक्यांचा बराचसा भाग अजून कूर्चेचा, म्हणजे मऊ असतो आणि सांध्यांना धरून ठेवणारे बंध सैल असतात. पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्यांनी अडवले, तरी डोके पुढे झेपावते आणि सगळा ताण मानेवर येतो. तेच बाळ गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसले असेल, तर समोरून झालेल्या धडकेत पाठ, मान आणि डोके तिन्ही एकत्र सीटच्या पाठीत दाबले जातात. धक्का एका ठिकाणी न बसता विभागला जातो.

ही कल्पना स्वीडनमधील डॉक्टर आणि संशोधक बर्टिल ऑल्डमन यांची. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून जोराचा दाब कसा सोसतात, हे पाहून त्यांना ती सुचली. १९६४ मध्ये मागे तोंड असलेल्या पहिल्या बालसीटची चाचणी झाली. आज बहुतेक सर्व देशांतील बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळासाठी हीच बैठक सुचवतात.

थोड्या मोठ्या मुलांची अडचण वेगळी असते. गाडीचा बेल्ट कमरेच्या हाडांवर टेकण्यासाठी बनवलेला असतो. प्रौढांच्या कमरेच्या हाडांना पुढे जो उंचवटा असतो, तो मुलांमध्ये साधारण दहाव्या वर्षापर्यंत पुरेसा तयार झालेला नसतो. त्यामुळे खालचा पट्टा सरकून पोटावर येतो आणि वरचा पट्टा गळ्याला काचतो. अशा स्थितीत धडक झाली तर आतड्यांना आणि पाठीच्या कण्याला इजा होऊ शकते. या इजांचे वर्णन वैद्यकीय साहित्यात १९६२ पासून आहे आणि त्यांना ‘सीट बेल्ट सिंड्रोम’ असेच नाव आहे. वरचा पट्टा टोचतो म्हणून मुले तो काखेखालून किंवा पाठीमागून घेतात, तेव्हा हा धोका आणखी वाढतो.

वाढत्या मुलाच्या चार पायऱ्या

म्हणून सीट वयावरून नव्हे, तर मुलाचे वजन, उंची आणि ते सीटमध्ये कसे बसते यांवरून निवडायची असते.

पहिली पायरी म्हणजे मागे तोंड असलेली सीट. जन्मापासून ती वापरायची आणि सीटवर लिहिलेली वजनाची किंवा उंचीची मर्यादा येईपर्यंत सोडायची नाही. तान्ह्या बाळांच्या सीटची मर्यादा बहुधा १३ किलो असते. काही मोठ्या सीटमध्ये १८ किलोपर्यंतही मागे तोंड करून बसवता येते. आपल्याकडची बरीच मुले दोन वर्षांची झाली तरी १३ किलोंच्या आत असतात. त्यामुळे पहिला वाढदिवस झाला की सीट पुढे वळवायची घाई करण्याचे कारण नाही. मात्र डोके सीटच्या वरच्या कडेपर्यंत पोहोचत आले असेल, तर मोठी सीट घ्यावी. ‘पाय दुमडतात, अवघडत असेल’ ही शंका सगळेच काढतात. मुले मांडी घालून मजेत बसतात, आणि मानेच्या इजेच्या तुलनेत दुमडलेले पाय ही काळजीची गोष्ट नाही.

दुसरी पायरी पुढे तोंड असलेल्या सीटची. हिला स्वतःचे पाच ठिकाणी बांधणारे पट्टे असतात: दोन खांद्यांवर, दोन कमरेवर आणि एक पायांमधून. साधारण १८ किलोपर्यंत ही चालते, काही सीट त्यापुढेही जातात.

तिसरी पायरी म्हणजे बूस्टर सीट. ती मुलाला उंच करते, म्हणजे गाडीचाच बेल्ट योग्य हाडांवर बसतो. १५ किलोंपासून ३६ किलोंपर्यंतच्या मुलांसाठी बूस्टर मिळतात. पाठ असलेला बूस्टर घ्यावा. त्यात डोक्याला बाजूने आधार मिळतो आणि झोपलेले मूल कलंडत नाही. बूस्टरला खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पूर्ण बेल्टच लागतो. काही जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागी फक्त कमरेचा पट्टा असतो, तिथे बूस्टर लावू नये.

चौथी पायरी गाडीच्या नेहमीच्या बेल्टची. मुलाची उंची १४५ सेंटिमीटरच्या, म्हणजे पावणेपाच फुटांच्या आसपास आली की ही वेळ येते. घरीच तपासता येते. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेवर वाकतात का, खालचा पट्टा पोटाऐवजी मांडीच्या वरच्या टोकावर बसतो का, वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध येतो का आणि मूल प्रवासभर तसेच बसून राहते का? चारही उत्तरे ‘हो’ असतील तरच बूस्टर काढावा.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या आकड्यांत आहे. मोटारगाडीत योग्य बालसीट वापरल्यास एक वर्षाखालील बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. एवढा फरक पाडणारे औषध असते तर आपण ते पहिल्या दिवशी मागून घेतले असते.

कायदा काय म्हणतो, काय म्हणत नाही

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्यातील कलम १९४-ब १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालील मूल सीट बेल्टने किंवा बालसीटने बांधलेले नसेल, तर वाहन चालवणाऱ्याला किंवा तसे चालवू देणाऱ्याला एक हजार रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. म्हणजे जबाबदारी फक्त स्टिअरिंगवरच्या माणसापुरती नाही.

हे वाक्य नीट वाचले तर त्यातली पळवाट दिसते. कायदा ‘बेल्ट किंवा बालसीट’ म्हणतो. कोणत्या वयात, वजनात वा उंचीत बालसीटच हवी, हे या कलमात नाही. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा बेल्ट कसाबसा लावला तरी कलमाची पूर्तता झाली असे म्हणता येते, आणि वर पाहिलेला पोटाच्या इजेचा धोका मात्र तसाच राहतो. तान्ह्या बाळाला तर बेल्ट लावताच येत नाही. त्याच्यासाठी बालसीट हाच एक मार्ग उरतो. ब्रिटनमध्ये हीच गोष्ट मोजमापाने सांगितली आहे: १२ वर्षे किंवा १३५ सेंटिमीटर उंची, यातले जे आधी होईल तोपर्यंत बालसीट. जर्मनीत १२ वर्षे किंवा १५० सेंटिमीटर.

मांडीचा मोह कायदे करणाऱ्यांनाही पडला आहे. मुलांना गाडीत बांधण्याची सक्ती करणारा अमेरिकेतील पहिला कायदा टेनेसी राज्याने १९७७ मध्ये केला. डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञाने त्यासाठी पाठपुरावा केला होता. पण कायदा मंजूर होताना त्यात एक सवलत घुसली. मोठ्या माणसाने मुलाला हातात धरले असेल तर सीटची गरज नाही! सवलतीच्या विरोधकांनी तिला ‘मूल चिरडणारी दुरुस्ती’ असे नाव दिले. ती काढून टाकायला १९८१ साल उजाडले. त्यानंतर १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत असे कायदे झाले. आपल्या कायद्यात मांडीला अशी सवलत नाही. ती आपणच देऊन टाकली आहे.

त्याची किंमत आकड्यांत दिसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांपैकी १६ हजार ७१५ जणांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मागच्या सीटवरच्या बेल्टची चर्चा घराघरांत झाली. पण आजही अनेक गाड्यांत मागच्या बेल्टची कुलपे सीट कव्हरखाली गाडलेली असतात. बालसीट घेण्याआधीचे पहिले काम म्हणजे ती बाहेर काढणे.

दुकानात काय पाहावे

सीटवरचे लेबल आधी पाहावे. भारतीय मानक एआयएस-०७२ आहे. आयात केलेल्या सीटवर युरोपीय आर-४४ किंवा आर-१२९ असे लिहिलेले असते आणि वर्तुळात ‘ई’ अक्षरापुढे एक आकडा असतो. आर-१२९ हे नवे मानक. त्यात उंचीवरून वर्गवारी असते, बाजूने होणाऱ्या धडकेची चाचणी घेतलेली असते आणि किमान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड ठेवणे सक्तीचे असते. यांपैकी काहीच छापलेले नसेल, नुसती गादी आणि चार पट्टे असतील, तर ती सीट कितीही स्वस्त वा देखणी असली तरी घेऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे ती तुमच्या गाडीत बसते का. गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सची लोखंडी कडी आहेत का, ते पाहावे. असतील तर त्यांत अडकणारी सीट घेतल्यास बसवताना चूक होण्याची शक्यता कमी होते. नसतील तर बेल्टने बांधायची सीटही तितकीच चालते, फक्त ती नीट बांधावी लागते. शक्य असेल तर दुकानदाराला गाडीत लावून दाखवायला सांगावे. छोट्या हॅचबॅकमध्ये मागे तोंड असलेली सीट लावल्यावर पुढच्या माणसाला पाय ठेवायला जागा उरते का, हेही तिथेच कळते.

नवी गाडी घेणार असाल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचणीचे निकाल पाहावेत. त्यात मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेला वेगवेगळे तारे दिले जातात. जाहिरातीत ‘पाच तारे’ दिसले तर मुलांसाठीचे तारे किती, हे विचारावे.

नात्यात किंवा ओळखीत वापरलेली सीट फिरत असेल तर तिचा इतिहास विचारावा. अपघातातून गेलेली सीट बाहेरून धड दिसली तरी वापरू नये. प्लॅस्टिक जुने होते, म्हणून अनेक सीटवर वापराची अंतिम तारीख असते, तीही पाहावी. आणि ‘जन्मापासून बारा वर्षांपर्यंत एकच’ असे सांगणारी सीट घेण्यापूर्वी नवजात बाळ तिच्यात खरोखर नीट मावते का, ते पाहावे.

लावल्यावर काय तपासावे

पट्टे जिथून जातात तिथे सीट धरून हलवावी. ती अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडून पाहावा. त्याची घडी चिमटीत येत असेल तर तो सैल आहे. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यावेत, पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वरून. महाबळेश्वरला थंडीत जाताना जाड जॅकेट घालून पट्टे बांधू नयेत. आधी पट्टे बांधून वरून शाल पांघरावी. पुढची एअरबॅग सुरू असताना मागे तोंड असलेली सीट पुढच्या जागी कधीही लावू नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पट्ट्याची धातूची कुलपे तापतात, बसवण्यापूर्वी हात लावून पाहावे.

लहान बाळाची हनुवटी छातीवर टेकत असेल तर श्वास अडखळू शकतो, म्हणून सीट सूचनेप्रमाणे तिरपी ठेवावी. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबावे, नवजात बाळ असेल तर त्याहूनही लवकर. दूध पाजायचे तर गाडी उभी करून. मुक्कामी पोहोचल्यावर बाळाला सीटमध्येच झोपू न देता सपाट अंथरुणावर ठेवावे.

‘आमचे मूल बसतच नाही’ ही तक्रार खरी असते. पण जे बाळ पहिल्या दिवसापासून सीटमध्ये बसते, त्याला गाडी म्हणजे तीच जागा वाटते. मोठ्या मुलासाठी एकच नियम पुरतो: सगळ्यांचे बेल्ट लागल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही. यात आजोबाही आले. ‘आज राहू दे’ असे एकदा म्हटले की दुसऱ्या दिवशी पुन्हा रडारड होते. सनरूफमधून मुलाला बाहेर उभे करणे तर थांबलेच पाहिजे.

कॅब आणि दुचाकी

कॅबमध्ये बालसीट सहसा नसते. वारंवार कॅबने जाणाऱ्यांनी बेल्टने बांधता येणारी हलकी सीट किंवा बूस्टर जवळ ठेवावा. तेही नसेल तर बेल्ट लावता येण्याजोग्या मुलाला मागे स्वतंत्र जागेवर बेल्ट लावून बसवावे.

महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत मात्र मूल प्रवास करते ते दुचाकीवर. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. चार वर्षांखालील मुलांसाठीचे नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत. मूल चालकाशी जोडणारा, ३० किलोंपर्यंतचा भार पेलणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांवरील मुलाच्या डोक्याला नीट बसणारे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा. पेट्रोलच्या टाकीवर उभ्या असलेल्या मुलाला यातले काहीच मिळत नाही.

सीटला काही हजार रुपये लागतात, आणि ते प्रत्येक घराला सहज जमतील असे नाही. पण ज्या घरात चारचाकी आली आहे, तिथे हा खर्च गाडीच्या किमतीतच धरायला हवा, जसा विमा धरतो. बारशाला काय द्यावे असा प्रश्न पडलेल्या आत्या, मावश्या, काका, मामांनी वर्गणी काढून चांदीच्या वाळ्यांबरोबर एक सीटही द्यावी. आणि ती बाळ यायच्या आधी गाडीत लावून, पट्टे कसे बांधायचे याची एक-दोनदा रंगीत तालीम करून ठेवावी.